‘एरिआ’च्या समीक्षा वाचताना

अखाजीला अमळनेरच्या घरी जमणाऱ्या चार भावंडांना एकाच टीव्हीवर खेळता येईल असा गेम हवा आहे, ‘एरिआ’ मनात भरला आहे, पण समीक्षा वाचून विकत घ्यावा की नाही हे ठरत नाही, असे आपण विचारले आहे. त्या समीक्षा अन्याय्य नाहीत. मात्र त्यांची तक्रार नेमकी कशाबद्दल आहे, हे पाहून मगच आपण निर्णय घ्यावा.

नेदरलँड्समधील ट्रँगल स्टुडिओजने बनवलेला हा ॲक्शन रोल-प्लेइंग गेम २०१७ मध्ये आला. कल्पना खरोखर सुंदर आहे: तरंगत्या बेटांचे जग, हरवलेली नऊ आद्य वाद्ये आणि ती परत आणायला निघालेले एका संगीतगुरूचे शिष्य. त्यांपैकी वुल्फ हार्प या तंतुवाद्यावरून बाण सोडतो, जाकचे शस्त्र सेलो हे मोठ्या व्हायोलिनसारखे वाद्य आहे, आणि मोठे शत्रूही वाद्यांच्याच रूपात समोर येतात. समीक्षकांनी संगीताला आणि चित्रशैलीला दाद दिली. नाराजी होती ती त्याच त्या कामगिऱ्या, पुन्हा पुन्हा तुडवाव्या लागणाऱ्या वाटा आणि उथळ लढाई यांबद्दल.

माझ्या मते या नाराजीचे मूळ एकच आहे. येथे वाद्य हातात असले तरी ताल हातात नाही. बटण सम गाठून दाबले काय किंवा भलत्याच क्षणी दाबले काय, वार तोच आणि तेवढाच बसतो. संगीत काढून टाकले तरी लढाईत काही बदलणार नाही, हे खेळणाऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या बेटापर्यंत जाणवते आणि मग कामगिऱ्यांचा तोचतोचपणा अधिकच बोचतो.

याउलट टँगो गेमवर्क्सचा २०२३ मधील ‘हाय-फाय रश’ पाहा. ‘चाय’ नावाच्या नायकाची पावले, भोवतालची यंत्रे, शत्रूंचे हल्ले, सारे ठेक्यावर चालते. हलक्या वाराला एक ठोका लागतो, जड वाराला दोन. बटण थोडे चुकले तरी वार ठोक्यावरच पडतो, पण ठेका नेमका साधणाऱ्याला त्याचा जास्त मोबदला मिळतो. कानबाईच्या मिरवणुकीत बँडसमोर नाचताना पाऊल जसे न शिकवता ठेका धरते, तसेच येथे बोटांचे होते. समीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ या व्हिडिओ गेमच्या वार्षिक पुरस्कारांमध्ये ध्वनिरचनेचा पुरस्कारही त्यालाच मिळाला.

तरीही आपल्यासाठी मी ‘हाय-फाय रश’ सुचवणार नाही, कारण तो एकट्यानेच खेळायचा गेम आहे. तीन भावंडे नुसती बघत बसतील. ‘एरिआ’त चौघांना एकत्र खेळता येते, आणि एकट्याला रटाळ वाटणारी वाट चौघांच्या आरडाओरड्यात बरीच सुसह्य होते. म्हणून ‘एरिआ’ घ्यायला हरकत नाही, पण पूर्ण किंमत मोजू नका. मोठी सवलत असेल तेव्हाच घ्या, कंट्रोलर पुरेसे आहेत का ते आधी पाहा आणि एका बैठकीत एखाद-दुसरीच कामगिरी हाती घ्या. ज्याने कंट्रोलर कधी धरलेला नाही त्याला वुल्फ द्यावा. दुरून मारा करता येत असल्याने तो लवकर बाद होत नाही.