बाप-लेकाला आधी पाठवू का, असं विचारलंस म्हणून

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि झोप उडाली, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे. तू विचारलंस ते थोडक्यात असं: तुम्ही दुबईत आहात, नवरा अमेरिकेचा नागरिक, मुलाचाही पासपोर्ट तिकडचाच, तुझा एकटीचा भारताचा. पुढच्या वर्षी कायमचं अमेरिकेला जायचंय. तर ताई, फाइल कशी चालते, आणि तिकडच्या शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात तर बाप-लेकाला आधी पाठवून मी व्हिसा आल्यावर मागून गेले तर चालेल का?

कोणता फॉर्म, किती डॉलर, फोटो कसा, हे सगळं सरकारी साइटवर आहे. ते मी उतरवून देत नाही. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आधीच देऊन टाकते: नको पाठवूस.

आपली, म्हणजे तुझी आणि माझी, फाइल नागरिकाच्या बायकोची; आम्हीही दुबईतूनच गेलो. तिला कोटा नाही, ग्रीन कार्डवाल्यांच्या बायकांसारखी तारखांची रांग नाही. म्हणून जो तो म्हणतो, तुमचं काय बाई, लगेच होतं. लगेच काही होत नसतं. आय-130, म्हणजे नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज, मंजूर होईस्तोवर एक वाट, मग एनव्हीसीला, म्हणजे त्यांच्या व्हिसा केंद्राला, कागद चढवायचे, ते तपासून ‘डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड’, म्हणजे कागद पुरे आहेत, असा ईमेल आला की आपण पेढे वाटायच्या तयारीत, आणि खरी वाट तिथून पुढं सुरू. मार्च 2020 मध्ये वकिलातींनी नेहमीचं व्हिसाचं काम थांबवलं होतं, त्या साचलेल्या गर्दीत आमची फाइल सापडली. तुझ्या वेळी इतकं नसेलही. पण मुलाखतीची तारीख कधी येईल ते कोणी सांगत नाही, हे धरूनच चाल.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, तुला आत्ताच सांगते. पूर्वी परदेशात राहणाऱ्या नागरिकाला आय-130 काही देशांत तिथल्या तिथंच देता यायचा. 2019-20 च्या सुमारास अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याची बाहेरदेशातली बहुतेक ऑफिसं बंद झाली. तरी अपवाद म्हणून वकिलात अजून फाइल घेते, आणि कंपनीने अचानक अमेरिकेत बदली केली, हाताशी वेळच नाही, हा त्यातला एक अपवाद आहे. तुझा नवरा त्याच कंपनीतून तिकडे जाणार असेल तर पत्र घेऊन वकिलातीला विचारून बघायला सांग. नाही म्हटले तर नाही.

आता ज्याने आमचं घर दोन ठिकाणी झालं ते सांगते.

स्पॉन्सर करणाऱ्या नागरिकाचं ‘डोमिसाइल’, म्हणजे कायमचं राहतं ठिकाण, अमेरिकेत पाहिजे, अशी अट आहे. आम्ही दुबईत. ह्यांच्या मोठ्या भावांनी, म्हणजे भाऊजींनी, फोनवर निकाल देऊन टाकला: त्याला तिकडं जाऊन बसावंच लागतंय, त्याशिवाय तुझं काम होत नाही. घरात भाऊजी बोलले म्हणजे विषय संपला. प्रत्यक्षात नियम तसा नाही. नवरा बायकोच्या आधी किंवा बायकोसोबत परत जाऊन तिथं संसार मांडणार आहे, एवढं दाखवायचं असतं. तिथलं बँक खातं, मतदार नोंदणी, लायसन, नोकरीचं पत्र, भाड्याच्या घराचा करार, मुलाच्या शाळेबद्दलचा पत्रव्यवहार. असले कागद जमवून कित्येक जोडपी एकाच विमानाने जातात. हे मी एनव्हीसीच्या सूचना स्वतः वाचल्या तेव्हा मला कळलं, आणि तोपर्यंत ह्यांचा राजीनामा देऊन झाला होता.

राजीनाम्याने पुढचं रामायण झालं. दुबईत तुझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर आहे ना? त्याची नोकरी सुटली की त्याच्याआधी तुझा रद्द करावा लागतो. तुझी फाइल अबुधाबीच्या वकिलातीची (दुबईच्या कॉन्सुलेटमध्ये इमिग्रंट व्हिसा होत नाही) आणि तूच त्या देशात नाहीस, अशी गत होते. मग एनव्हीसीला लिहून फाइल मुंबईला फिरवा, आणि पुन्हा वाट बघा. निघण्याआधी दुबईचा पोलीस दाखला तरी हातात घे. एमिरेट्स आयडी चालू असेल तोवर ते घरबसल्या होतं. देश सोडल्यावर बोटांचे ठसे, वकिलातीचे शिक्के, कुरिअर.

तर ऑगस्टमध्ये हे आणि माझं लेकरू टेक्ससला गेले आणि मी वसमतला, माहेरी.

माझा जन्म वसमत तालुक्यातल्या खेड्यात, आजोळी, 1986 चा. तेव्हा जिल्हा परभणी. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा झाला. पासपोर्टवर एक जिल्हा, ग्रामपंचायतीच्या नव्या दाखल्यावर दुसरा. तू उमरग्याची, म्हणजे तुझ्या जुन्या कागदांवर उस्मानाबाद आणि आत्ता काढशील त्यावर धाराशिव असणार. घाबरू नकोस, अर्ध्या पानात इंग्रजीत लिहून द्यायचं की गाव तेच आहे, जिल्ह्याचं नाव अमुक साली बदललं. आम्ही दिलं, कोणी हटकलं नाही.

माझी खरी अडचण वेगळीच निघाली. ग्रामसेवकाने कपाटावरचं लाल फडक्यात बांधलेलं रजिस्टर काढलं. वाळवीने कडा कुरतडलेल्या. माझी नोंद सापडली: तारीख बरोबर, वडिलांचं नाव, आईचं नाव, लिंग ‘मुलगी’, आणि नावाच्या रकान्यात एक आडवी रेघ. ज्या दिवशी आजोबांनी नोंद केली त्या दिवशी बारसंच झालं नव्हतं, आणि नंतर कोण कशाला जातंय! त्याच पानावर खाली-वर चार पोरींच्या नावापुढं तशीच रेघ होती. नाव नंतर भरायची सोय जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात आहे. तिला मुदत असते आणि सरकारने ती मधूनमधून वाढवलेली आहे. शाळेची टी.सी., आईवडिलांचे आधार, अर्ज, शंभराचा स्टॅम्प, झेरॉक्स, आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’. नोंदच नसेल तर काम आणखी वर जातं. 2023 च्या दुरुस्तीनंतर वर्षावरच्या उशिराला दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि महाराष्ट्रात आता त्याची छाननी कडक झाली आहे. उशिरा काढलेल्या दाखल्याकडे व्हिसावाले जरा तिरक्या नजरेने बघतात, म्हणून टी.सी. आणि जुनी कागदपत्रं सोबत ठेव.

तुझ्या दाखल्यावरचं नाव, टी.सी.वरचं, दहावीच्या सनदेवरचं आणि पासपोर्टवरचं, चारही समोर मांडून बघ. वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, दोन आडनावं. शिवाय आमच्यात लग्नात तांदळात लिहून नाव बदलतात, ते पत्रिकेवर नसलं तरी सासरच्या रेशनकार्डावर बसलेलं असतं. डीएस-260 मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, ‘इतर नावं’ असा रकाना आहे, तिथं सगळी टाकून दे. लपवल्यासारखं वाटू देऊ नकोस.

मराठी कागदांचा इंग्रजी अनुवाद लागतो. परभणीत एकाने मला प्रत्येक पानाला नोटरीचा शिक्का पाहिजे म्हणून पैसे उकळले. त्याची गरज नसते. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने, अनुवाद बरोबर आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, असं लिहून सही केली की पुरतं. तुझी इंग्रजीची एखादी मैत्रीण करून देईल.

आता पैशाच्या कागदाचं. आय-864, म्हणजे हिचा भार सरकारवर पडू देणार नाही, असं हमीपत्र. दुबईत टॅक्स नाही म्हणून नागरिकाला अमेरिकेचं रिटर्न भरावं लागत नाही, असा समज असेल तर आधी तो काढून टाका. भरावंच लागतं. बरं, भरलं तरी परदेशी कमाईची वजावट घेतल्यावर त्या रिटर्नवर उत्पन्न जवळजवळ शून्य दिसतं. दुबईतला पगार कितीही गलेलठ्ठ असो, ती नोकरी सोडून जाणार म्हटल्यावर तो धरतच नाहीत. टेक्ससची नोकरी नवी, पगाराच्या दोन-तीन स्लिपा, म्हणून वकील म्हणाला जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे जोडीला हमी देणारा दुसरा माणूस, द्या.

शिकागोला ह्यांचे मावसभाऊ आहेत. त्यांच्याकडे रिटर्न मागायचं म्हणजे त्यांचा पगार विचारायचा. आपल्यात माणूस जमिनीचा सातबारा दाखवेल, पगार नाही सांगणार. आणि ही सही साधी नाही. ती बाई नागरिक होईपर्यंत, किंवा तिची 40 तिमाह्यांची, म्हणजे साधारण 10 वर्षांची कामाची नोंद होईपर्यंत जबाबदारी राहते. घटस्फोट झाला तरी सुटत नाही. त्या मावसभावांनी एका शब्दाने विचारलं नाही, आठवड्यात कागद पाठवले. वहिनी मात्र दर गणपतीला चारचौघात म्हणतात, “हिच्यासाठी तर आमी सह्या देऊन बसलोय बाई.” मी हसते आणि मोदकाचं ताट पुढं करते. जमलं तर नवऱ्याच्या बचतीवर भागवा. नागरिकाच्या बायकोच्या बाबतीत कमी पडणाऱ्या उत्पन्नाच्या तिप्पट मालमत्ता दाखवली तर चालते. कोणाचं मिंधं व्हावं लागत नाही.

एकटेपणाचंही विचारलंस. असतो. काम शोध, फिरायला जा, बरं वाटतं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

वसमतला लोकांचाच त्रास जास्त झाला. लग्न झालेली पोरगी माहेरी, लेकरू सोबत नाही. दळण टाकायला गेलं की, “तुमचा इसा कवा यायलाय?” आणि पाठ फिरली की, नवऱ्यानं टाकली म्हणं. माय रोज सकाळी चहा देताना एकच विचारायची, “लेकरू तिकडं अन् तू हितं, हे कोणतं शास्त्र?” उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही.

टेक्ससच्या शाळेत नाव घालताना एक कागद भरून घेतला, घरात कोणती भाषा बोलता आणि मूल बहुतेक वेळ कोणती बोलतं. ह्यांनी सरळ मनाने दोन्ही ठिकाणी ‘मराठी’ लिहिलं. त्यावरून पोराची इंग्रजीची चाचणी झाली. ते दुबईत इंग्रजी शाळेतलं, जाडजूड गोष्टींची पुस्तकं एका बैठकीत वाचणारं. पण नवी शाळा, आई नाही, समोर अनोळखी बाई. ते तोंडच उघडेना. लावलं त्याला इंग्रजी कच्चं असणाऱ्या मुलांच्या गटात. रोज वाचनाच्या तासाला उठवून दुसऱ्या खोलीत. संमतीच्या कागदावर ह्यांनी ऑफिसातून सही करून दिली, मला सांगायचं राहून गेलं.

मला कळलं ते व्हिडिओ कॉलवर. माझी संध्याकाळ, त्याची सकाळ, दप्तर पाठीवर. मी नेहमीसारखं विचारलं, जेवलास का रे, तर उत्तर इंग्रजीत. मी म्हटलं, मराठीत बोल की. तर म्हणतो, “आई, बाबांनी मराठी लिहिलं ना, म्हणून मला तिकडं बसवतात.” मागून ह्यांचा आवाज, चल रे, बस येईल. कॉल बंद.

पालक ती शिकवणी नको म्हणू शकतात, हे मी वसमतहून शोधून काढलं. तरी एकदा त्या यादीत नाव गेलं की वर्षातून एकदा त्यांची परीक्षा द्यावीच लागते, पास होईपर्यंत. आम्ही नको म्हणून लिहून दिलं, पुढं तो यादीतून निघालाही. वर्गातल्या बाई चांगल्या होत्या, मुद्दाम कोणी काही केलं नाही. हे म्हणतात, किती दिवस धरून बसशील, पोरगा आता वर्गात पुढं आहे. आहे. पण मराठी समजतं आणि बोलत नाही, ते त्या ऑगस्टपासून. आजीशी फोनवर “हो” आणि “नाही”. ह्यांचं म्हणणं अजून तेच, शाळेचं वर्ष वाया गेलं असतं. दुसरीचं वर्ष! यावरून आमचं आजही वाजतं, आणि मला नाही वाटत ते कधी मिटेल.

मुलाखतीचं राहिलंच. परभणीहून देवगिरीने मुंबई, आधी मेडिकल, लहानपणीच्या लसींची नोंद नाही म्हणून पुन्हा सुया, मग बीकेसीतल्या अमेरिकेच्या वकिलातीत खिडकीसमोर उभं राहायचं. माणसाने विचारलं, लग्न कुठं झालं, नवरा काय करतो, मुलगा कोणाजवळ आहे. तिसऱ्या प्रश्नाला माझा आवाज गेला. त्याने मान खाली घालून टाइप केलं आणि व्हिसा मंजूर आहे म्हणाला. एवढंच.

तर नवऱ्याला सांग, मुलाखतीची तारीख हातात पडेस्तोवर राजीनामा द्यायचा नाही. शाळा अर्ध्या वर्षातही घेतात, सरकारी शाळेला नाही म्हणता येत नाही. भाषेच्या कागदावर काय लिहायचं ते दोघं बसून ठरवा आणि सही तू असताना होऊ दे. उन्हाळ्यात उमरग्याला येणार असशील तर नगरपालिकेतून जन्माचा दाखला काढून मला फोटो पाठव, नावाचा रकाना भरलाय का बघते. अनुवादाचा नमुना माझ्याकडे आहे, तो उद्या टाकते.