चुलीत गोळी कोण टाकतं?

पत्र

मावशी, सप्रेम नमस्कार. आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यातले. घरची धानाची शेती. माझे मिस्टर आणि माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, एकाच वाड्यात राहतात, पण वर्ष होत आलं, एकमेकांशी बोलत नाहीत. कारण फक्त राजकारण. २०२४ च्या जूनमध्ये लोकसभेचा निकाल आला तेव्हा भासरे म्हणाले, बाहेरच्या देशांनी पैसा ओतून हा निकाल घडवला. नोव्हेंबरात विधानसभेचा आला तेव्हा आमचे हे म्हणाले, मशिनी सेट केल्या. त्या रात्री गोष्ट अंगावर धावून जाण्यापर्यंत गेली. आता मामंजी सकाळी आमच्याकडे जेवतात, रात्री त्यांच्याकडे. यंदा पोळ्याला दोघांनी बैलसुद्धा वेगवेगळे नेले. तोरणाखाली सगळं गाव बघत होतं, मला फार लाज वाटली.

आमचे हे बी.एस्सी. झालेत, वाचून बोलतात. भासऱ्यांचं तसं नाही, मोबाईलवर येईल ते खरं. कशातच पटत नाही असंही नाही म्हणा. कंट्रोलच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात आणि शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळ्या पोरींना द्यायच्या नाहीत, हे दोघांचंही म्हणणं आहे. हे म्हणतात, औषध कंपन्या गरिबांच्या लेकरांवर प्रयोग करतात. भासरे म्हणतात, आपल्या पोरींना पुढे मूल होऊ नये असा परदेशाचा डाव आहे. म्हणून माझी बारा वर्षांची मुलगी गोळी दप्तरात लपवून घरी आणते आणि मी ती चुलीत टाकते. ती सध्या जरा मंदावली आहे. रोवणीच्या वेळी बांधीत उतरलीच नाही, धुऱ्यावर बसून राहिली, हातपाय दुखतात म्हणते. वाढीचं वय आहे. पण भासऱ्यांना समजवायचं कसं? त्यांना पटेल असं तुम्ही काहीतरी लिहा.

एक सून

उत्तर

बाई, भासऱ्यांना पटेल असं मी काही लिहिणार नाही. तुझ्या मिस्टरांना पटेल असंही नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि मला तुझा राग आला आहे.

पोळ्याच्या तोरणाखाली गाव काय म्हणालं, मामंजी कोणत्या वेळेला कुठे जेवतात, हे तू नीट मांडलंस. लेक आली ती शेवटी, जाता जाता. बारा वर्षांची पोर धुऱ्यावर बसून राहते. तिच्या वयाच्या पोरी चिखलात उड्या मारत पऱ्ह्याच्या पेंढ्या पोचवतात आणि हिला उतरवत नाही. हातपाय दुखतात म्हणते. त्यावर तू लिहिलंस, वाढीचं वय आहे, आणि लगेच परत भासऱ्यांकडे वळलीस. तिला पाळी आली का, धाप लागते का, डोळे पिवळे दिसतात का, यातलं एक अक्षर पत्रात नाही.

गोळी नको हे त्या दोघांनी ठरवलं. चुलीत टाकतेस तू. दप्तरात लपवून आणायला पोरीला शिकवलं, तेही तुझ्या घरानंच. शिक्षकांसमोर गोळी घेतल्यासारखं करायचं आणि हळूच लपवायची, हे ती दर आठवड्याला करते. दोघं भाऊ मशिनीवरून भांडतात तेव्हा तू मध्ये उभी राहतेस, कारण घर फुटेल याची तुला भीती वाटते. गोळीच्या बाबतीत घरात सगळं शांत आहे, म्हणून तू काही बोलली नाहीस.

मला भीती वाटते ती याच शांततेची. तुझ्या मिस्टरांचा शत्रू कंपनी आहे, भासऱ्यांचा परदेश. एक जण सरकारला शिव्या देतो, दुसरा सरकारला डोक्यावर घेतो. ऐकायला दोघं दोन टोकांना, पण दोघांनी पोरीच्या तोंडची गोळी काढून घेतली आणि त्यासाठी पुरावा दोघांनीही मागितला नाही. मिस्टर बी.एस्सी. आहेत म्हणतेस. गोळीच्या पाकिटावर काय छापलंय, ते त्यांनी कधी वाचून दाखवलं का? त्यात लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. रक्त वाढायला आपण लेकरांना पालेभाज्या खाऊ घालतो, त्याच कामासाठी ही गोळी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. ही कमी भरून निघावी म्हणून सरकारी शाळांतून ही गोळी आठवड्यातून एकदा देतात.

मशिनीबद्दल मी थोडंच बोलते, कारण तुमच्या घरात तो विषय पुरेसा झाला आहे. जून २०२४ मध्ये त्याच मशिनींवर महाविकास आघाडीला राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, भंडारा-गोंदियात काँग्रेस निवडून आली, तेव्हा तुझ्या मिस्टरांना मशीन चुकली असं वाटलं नाही. नोव्हेंबरात महायुतीचे तीन मोठे पक्ष मिळून २३० वर गेले तेव्हा वाटलं. आणि त्याच नोव्हेंबरात तुमच्या स्वतःच्या साकोली मतदारसंघात काँग्रेसचे नाना पटोले अवघ्या २०८ मतांनी जिंकले. एका जागेवरून सगळं सिद्ध होत नाही, पण वाचून बोलणाऱ्या माणसानं ती जागा हिशेबात धरायला हवी. भासऱ्यांनीही जूनमध्ये शेजाऱ्याला एवढं विचारायला हवं होतं, की बाबा, तू मत का बदललंस? धानाचा भाव, बोनस, खतांचे दर, कारण गावातच सापडलं असतं. त्यांनी ते परदेशात शोधलं.

प्रश्न विचारणं वाईट नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ ला कागदी मतपत्रिकेची मागणी फेटाळली, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ५ टक्के मशिनींची तपासणी मागण्याची वाटही त्याच निकालात दिली. अर्ज करायचा, पैसे भरायचे, तपासणी बघायची. संशय आला तर असं काहीतरी करायचं असतं. तुमच्या घरात दोघांनीही काही केलं नाही, फक्त बोलणं बंद केलं.

संशयाला मुळं नाहीत असंही मी म्हणणार नाही. पोरींना मूल होणार नाही ही भीती भासऱ्यांना मोबाईलनं दिली असेल, पण ती रुजली जुन्या मातीत. आणीबाणीतली नसबंदीची जबरदस्ती मामंजींच्या वयाच्या माणसांना आठवत असेल. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. तुझ्या मिस्टरांचा कंपन्यांवर विश्वास नाही, तर २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी आणि मजूर मेले, हे त्यांनी पेपरात वाचलेलं असणारच. ज्यांना एकदा फसवलं गेलं ते दचकून राहतात. त्याबद्दल मी कुणाला दोष देणार नाही.

पण शेगावकडे बघ. २०२४ संपता संपता बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडायला लागलं. बायका, लेकरं, सगळेच. लोक घाबरले, कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. लोकांनी आरोग्य खात्याला कळवलं. पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचं पथक आलं, आणि डॉ. हिम्मतराव बावस्करांनी गहू तपासून रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम नावाच्या खनिजाच्या जास्तीच्या प्रमाणाकडे बोट दाखवलं. म्हणजे रेशनच्या धान्यात खोट असू शकते. ती कळली ती तपासल्यामुळे.

आता तुमच्या कंट्रोलच्या तांदळाचं. सुपात पसरलेस की काही दाणे वेगळे दिसतात, जरा जास्त पांढरे किंवा पिवळसर, गुळगुळीत. पाण्यात टाकले की त्यातले काही तरंगतात. तू तेच वेचून बाजूला काढत असशील. ते तांदळाच्याच पिठाचे दाणे आहेत. पीठ मळताना त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घालतात, यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात आणि साध्या १०० दाण्यांमागे असा एक मिसळतात. एक मूठ वेच, वेगळी शिजव आणि बोटानं दाब. भातासारखे दाबले जातील. प्लास्टिक शिजून मऊ होत नाही.

या तांदळाबद्दल एक खरा प्रश्न विचारण्यासारखा होता, तो तुमच्या घरात कुणी विचारला नाही. लोह घातलेल्या अशा धान्याच्या पाकिटावर थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारांच्या रुग्णांसाठी सूचना छापावी, असा अन्नसुरक्षेचा नियम होता. पुढे अभ्यास करून ती सूचना काढली. विदर्भातल्या माणसानं हे ऐकून कान टवकारायला हवे होते, कारण सिकलसेल आपल्याकडे बऱ्याच घरांत आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, सगळीकडे. आई आणि बाप दोघंही वाहक असले तर त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही, पण प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. लेकराला थकवा येतो, अंगात रक्त कमी राहतं, सांधे आणि हाडं दुखतात. पावसात भिजलं, गारठलं, पाणी कमी प्यायलं की दुखणं उफाळतं. रोवणीत लेकरू दिवसभर भिजतं आणि गारठतं, हे तुला मी सांगायला नको.

तुझ्या पोरीला हे आहे असं मी म्हणत नाही. तिला नुसती रक्ताची कमतरता असेल, दुसरंही काही असेल. मला पत्रातून कळणार नाही आणि तुलाही नुसतं बघून कळणार नाही. तांदळाच्या दाण्यात प्लास्टिक शोधणाऱ्या घरात पोरीच्या रक्ताचा एक थेंब कुणी तपासला नाही, एवढं मात्र मला कळतं.

म्हणून येत्या सोमवारी तिला शाळेत पाठवू नकोस. गावातल्या आशाताईला आदल्या दिवशी सांग आणि तिघी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे दोन गोष्टी सांगायच्या: हिचं हिमोग्लोबिन बघा आणि सिकलसेलची तपासणी करा. सिकलसेलसाठी केंद्रानं १ जुलै २०२३ पासून मोहीमच सुरू केली आहे, तपासणी फुकट होते. पहिल्या चाचणीत काही निघालं तर पुढची चाचणी करून घ्यायचीच, तिथून परत फिरायचं नाही. डॉक्टरांना चुलीतल्या गोळ्यांचंही सांग. रागावतील, रागावू दे. लोहाची गोळी किती आणि कशी द्यायची, हे तपासणीचा कागद बघून तेच ठरवतील.

मिस्टरांची परवानगी मागू नकोस. पोरीचे हातपाय दुखतात म्हणून दवाखान्यात नेते, एवढंच सांगून निघ. आल्यावर रिपोर्ट दोघांपुढे ठेवायचा, आधी मिस्टरांपुढे, मग ओट्यावर जाऊन भासऱ्यांपुढे. त्यांच्याशी कंपनीवर बोलायचं नाही, परदेशावर बोलायचं नाही, मशिनीवर तर नाहीच. कागदावरचा आकडा वाचून दाखव आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांग. त्यांची समेट तुझ्या हातात नाही. ते दोघं मोठे आहेत, त्यांचं ते बघतील.

पोरीशी मात्र वेगळं बोल. तिला सांग, गोळी लपवायला लावली हे आमचं चुकलं. तिला स्वच्छ शब्दांत सांगितलंस तरच ती पुढे दुखलं-खुपलं तुझ्याकडे बोलेल, नाहीतर तेही दप्तरात लपवेल.

आणि डॉक्टरांनी गोळी सुरू केली तर काही गोष्टी आधीच ध्यानात ठेव. जेवल्यावर द्यायची, रिकाम्या पोटी मळमळते. त्यावर लगेच चहा द्यायचा नाही, तासभर तरी थांबायचं, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळ, हंगामात आवळा दे. गोळी सुरू झाली की शौचाला काळं होतं. लोहानं तसं होतंच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. हे घरात तू आधी सांगून ठेव, पोरीलाही आणि त्या दोघांनाही. नाहीतर पहिल्याच आठवड्यात दोघांचं पुन्हा एकमत होईल आणि गोळी पुन्हा चुलीत जाईल.