‘फिफ्टी-टू ब्लॉक्स’ला ‘बावन्न डाव’ म्हणावं का?

एका वाचकाचा प्रश्न आहे: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘फिफ्टी-टू ब्लॉक्स’ या लढण्याच्या कलेला मराठीत ‘बावन्न डाव’ म्हटलं तर चालेल का? आणि हे बावन्न कुठले?

‘डाव’ नको. डाव आपण टाकतो. ब्लॉक म्हणजे आलेला वार अडवणं. या कलेत दोन्ही हात तोंडाभोवती सतत फिरते ठेवतात आणि समोरच्याचा ठोसा कोपरावर घेतात. कळ येते ती मारणाऱ्याच्याच बोटांना. तालमीत डावाला ‘तोड’ असते, तो शब्द जास्त जवळचा. ब्लॉक म्हणजे तुरुंगातल्या कोठड्यांचा भागही. ही कला न्यूयॉर्कचे तुरुंग आणि ब्रुकलिनच्या गल्ल्यांत वाढली, त्यामुळे तिथे हा श्लेष आपोआप ऐकू येतो. तो मराठीत आणायची खटपट करू नये.

बावन्न मोजायलाही बसू नका. एक पोरकट खेळ आहे, ‘फिफ्टी-टू पिकअप’: “खेळतोस का?” म्हणून विचारायचं, पत्त्यांचा अख्खा कॅट जमिनीवर उधळायचा आणि म्हणायचं, “घे, उचल आता!” नावाचा संबंध बऱ्याचदा याच खेळाशी लावतात. मला तो पटतो. (‘बावनकशी’ सोन्याशी काही नातं नाही.)

दुसरं नाव ‘जेलहाउस रॉक’. एल्विस प्रेस्लीच्या १९५७ च्या गाण्यामुळे डोळ्यांपुढे नाच येतो, पण १९८७ च्या ‘लीथल वेपन’ चित्रपटासाठी डेनिस न्यूसम यांनी मेल गिब्सनला शिकवली ती हीच हाणामारी.

कोणी हिचं मूळ थेट आफ्रिकेतल्या अंगोलाच्या ‘एन्गोलो’ या लढण्याच्या कलेत शोधतात, कोणी म्हणतात ही तुरुंगात बदललेली मुष्टियुद्धाचीच तऱ्हा. मधले दुवे लेखी सापडत नाहीत, म्हणून मी पहिल्या मतावर पैज लावणार नाही. मात्र गुलामीच्या काळातल्या झुंजींचं वर्णन हाताशी आहे. केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेल्या हेन्री बिब यांनी १८४९ च्या आत्मचरित्रात ते लिहून ठेवलंय. मालक दारू पाजून पैजा लावत. एकाच्या डोक्यावर लाकडाची ढलपी ठेवायची आणि दुसऱ्याला ती उडवायला चिथवायचं. उडवली की अपमान झाला, झुंज सुरू. रिंगण धरायचं, हत्यार नाही. लाथा, ठोसे, आणि एकमेकांचे कान धरून मेंढ्यांसारखी डोकी आपटणं.

या शेवटच्याला मात्र आपल्याकडे आयता शब्द आहे: टक्कर.