शेडचं नंतर बघ, आधी माती

ट्रकच्या यार्डासाठी नाशिकजवळ आडगाव किंवा विल्होळीकडे जागा बघतोयस ना? मग आराखड्याआधी सातबारा, एनए (बिनशेती) आणि हायवेवरून प्रवेशाची परवानगी तपास. नंतर माती बघायला जेसीबीने खड्डे घे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती मुरूम लागेपर्यंत काढायची आणि भराव थराथराने रोलरखाली दाबायचा. घनता तपासल्याशिवाय पुढचा थर टाकू देऊ नकोस. कंत्राटदार कुरकुरेल, कुरकुरू दे. गाडलेलं काम नंतर कोण उकरून बघतो?

गाड्या उभ्या राहतील तिथे डांबर नकोच. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर कायद्यानेच साडेअकरा टन चालतात, शिवाय सांडलेलं डिझेल डांबर मऊ करतं. महाग पडलं तरी काँक्रीट कर.

गेट इतकं आत घे, की चाळीस फुटी कंटेनरचे दोन ट्रेलर रांगेत थांबले तरी शेपूट हायवेवर येणार नाही. वॉशिंग रॅम्पचं पाणी तेल वेगळं केल्याशिवाय नाल्यात सोडू नकोस. स्वतःचा डिझेल पंप हवा असेल तर पेसोच्या (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) परवान्याचा अर्ज बांधकामाआधीच टाक.

आणि ड्रायव्हरांची न्हाणीघरं, संडास पहिल्या टप्प्यातच बांध. मालक ते हमखास शेवटी ढकलतात.