न सांगता निघू नका

पहिल्यांदाच एकट्याने हॉटेलात राहताय म्हणून सांगतो: पैसे आधीच भरले असले तरी रिसेप्शनवर सांगूनच निघा. किल्ली टेबलावर ठेवून गुपचूप गेलात तर खोली तुमच्याच नावावर राहते. साफसफाईवाले दार वाजवत थांबतात आणि पुढचा पाहुणा खाली सामान घेऊन ताटकळतो.

खोली सोडायची वेळ आदल्या रात्रीच विचारा. मोठ्या हॉटेलांत बहुधा सकाळी 11 किंवा दुपारी 12. एसटी स्टँडजवळच्या लॉजवर मात्र अनेकदा 24 तासांचा हिशोब असतो. रात्री 9ला आलात तर दुसऱ्या रात्री 9पर्यंत खोली तुमची. गाडी उशिराची असेल तर बहुतेक ठिकाणी बॅगा खाली ठेवू देतात, विचारायला लाजू नका.

रोख डिपॉझिट दिलं असेल तर पावती दाखवून तिथेच मोजून घ्या. कार्डवर अडकवलेली रक्कम सुटायला काही दिवस लागू शकतात. रजिस्टरमध्ये निघाल्याची वेळ लिहून सही करा.

पहाटेची गाडी असेल तर हिशोब रात्रीच मिटवा. काउंटरमागे सतरंजी टाकून झोपलेल्या पोराला चार वाजता बिलासाठी उठवणं मला अजूनही जिवावर येतं. त्याला फक्त किल्ली द्या आणि खोली रिकामी केल्याचं सांगा.