आमच्या पारजांभळाला फळच धरत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, आमची जागा महाबळेश्वर तालुक्यात आहे, घराच्या मागच्या उतारावर एक जुनं झाड आहे, आजोबा त्याला पारजांभूळ म्हणायचे. दरवर्षी थंडी सरताना बारीक पांढऱ्या मोहोराने नुसतं भरून जातं पण फळ म्हणून एक धरत नाही, आणि वर रानात तसल्याच झाडाला घोसच्या घोस असतात. आळं केलं, शेणखत घातलं, बुंध्याला चुना मोरचूद लावून झालं. आता घरातले म्हणतायत की झाड वांझ आहे, काढून टाका आणि तिथे आंबा लावा. काय करू?

उत्तर : दादा, झाड काढू नका, हे आधी सांगते आणि मग बाकीचं. तुमचं झाड वांझ नाहीये, आजारीही नाहीये, तुम्ही लिहिलंय त्यावरून ते नर झाड आहे असंच मला वाटतं. पपईत कसं काही झाडांना लांब दांड्यांवर फुलं लोंबतात आणि पपई काही लागत नाही, तसाच प्रकार आहे हा. पारजांभळाचं शास्त्रीय नाव ओलिआ डायोइका, रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेलं, त्याच्या 'फ्लोरा इंडिका'त १८२० साली छापलं गेलं, आणि त्यातल्या डायोइकाचा अर्थच मुळी दोन घरं, म्हणजे नर एका घरी आणि फळ देणारी फुलं दुसऱ्या घरी. (आता काही अभ्यासक याला टेट्रापिलस या वेगळ्या प्रजातीत टाकतात, त्यामुळे नवीन यादीत टेट्रापिलस डायोइकस असं दिसलं तर गोंधळू नका, झाड तेच.)

माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. मोहोर ऐन भरात असताना एक छोटी डहाळी घ्या, उन्हात बसा, आणि साधं भिंग असलं तरी चालेल. फूल तांदळाच्या कणीएवढं असतं, चार चिमुकल्या पाकळ्या आणि त्यात दोन पुंकेसर, फुलाच्या मानाने चांगले जाडजूड. आता मधोमध बघायचं. तिथे हिरवा, सुरईसारखा इवलासा बीजांडकोश दिसला तर ते फळ धरू शकणारं फूल, आणि मध्ये काहीच नाही, नुसते दोन पुंकेसर, तर नर. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा एकाच वाटेवरच्या दोन झाडांच्या डहाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, लांबून मोहोर अगदी सारखा, आणि भिंगाखाली एकात तो हिरवा ठिपका आणि दुसऱ्यात नाही, मला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी दोन्ही डहाळ्या वहीत दाबून ठेवल्या. भिंग नसेल तर झाडाखाली जुनं धोतर अंथरा आणि मोहोर गळायला लागल्यावर फांद्यांकडे बघा. नर झाडाची फुलं अख्खी खाली येतात, देठावर काही उरत नाही. फळधारी झाडावर पाकळ्या गळून टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे मणी मागे राहतात.

नर निघालं तर खत, आळं, चुना कशाचाच उपयोग नाही. पण रानातल्या त्या झाडाला घोस लागतायत त्यात तुमच्या झाडाच्या परागाचा वाटा असू शकतो, हे लक्षात घ्या. उन्हाळ्यात ती फळं पिकून काळी-निळी होतात तेव्हा बुलबुल, तांबट, धनेश सगळे त्यावर असतात. आणि अजून एक, २००१ पासून महाबळेश्वर-पाचगणी परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा संवेदनशील भाग आहे, तिथे स्वतःच्या खाजगी जागेतलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. आंबा लावायचाच असेल तर मोकळी जागा बघून लावा, पण त्या उतारावर धुक्यात आंब्याचा मोहोर टिकवणं कठीण जातं, आणि पारजांभूळ बारा महिने हिरवं राहून त्या उताराची माती धरून बसलंय.

प्रश्न : जांभूळ आणि पारजांभूळ यात फरक कसा ओळखायचा? आम्ही भीमाशंकरला ट्रेकला जातो तेव्हा नेहमी वाद होतो.

उत्तर : पान चुरगाळा. जांभळाचं पान चुरगाळलं की वास येतो, पारजांभळाला तसला वास नाही. मग दुसरं पान उजेडाकडे धरा, जांभळाच्या पानात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात आणि कडेकडेने एक शीर शिवणीसारखी गेलेली असते, कड एकदम गुळगुळीत. पारजांभळाचं पान जाड, चामड्यासारखं, आणि कड बऱ्याचदा करवतीसारखी दातेरी, बऱ्याचदा म्हणते कारण काही पानं साधी पण असतात, म्हणून एकाच पानावरून पैज लावू नका, चार फांद्या बघा. पानं दोन्हीत समोरासमोरच असतात, त्यावरून काही कळत नाही. फुलोरा असेल तर प्रश्नच मिटला, जांभळाचं फूल म्हणजे पुंकेसरांचा झुपका आणि याला मोजून दोन. दोघांचं नातं तसं काहीच नाही, जांभूळ पेरूच्या कुळातलं आणि हे ऑलिव्हच्या. नावात जांभूळ आलंय ते फळाच्या रंगामुळे असावं असं मला वाटतं.

प्रश्न : हे जर आपलं देशी ऑलिव्ह आहे तर याचं तेल का नाही काढत? आणि याची रोपं करता येतील का?

उत्तर : कुळ एक म्हणून गुण एक असं नसतं हो. त्याच कुळात मोगरा आहे, जाई, जुई, पारिजातक आणि आपल्या रानातला मोखासुद्धा, सहाशेच्या वर जाती आहेत. पारिजातकाचं ताजं फूल उभं चिरून बघा, केशरी नळीच्या तोंडाशी दोनच पुंकेसर सापडतील, ती या घराण्याची खूण. तेलाचं ऑलिव्ह भूमध्य समुद्राकडचं, हजारो वर्षं माणसाने निवडून निवडून गरात तेल वाढवलेलं, त्याला फुलायला हिवाळ्यात नीट थंडी लागते, राजस्थानात त्याची लागवड झाली ती त्या कोरड्या हवेत. आपल्या पारजांभळाचं फळ छोटं, गर पातळ आणि आत मोठी आठळी, त्यामुळे ते पक्ष्यांसाठी राहू द्या.

रोपं मात्र जरूर करा. खाली पडलेली पूर्ण पिकलेली फळं उचला, सगळी नको, गर चोळून धुवा आणि बी सुकू न देता लगेच पिशवीत पेरा, माती भुसभुशीत, सावली हवी. आठळी कठीण असते म्हणून उगवायला वेळ लागतो, महिन्याभरात काही दिसलं नाही म्हणून पिशव्या ओतून टाकू नका, लोक हीच चूक करतात. आणि रोप नर आहे की फळधारी हे फुलल्याशिवाय कळत नाही, त्यासाठी काही वर्षं जातात, तेव्हा एकच रोप लावून थांबू नका, पाच-सहा तरी जवळपास लावा. वरच्या प्रश्नातल्या दादांनीही रानातल्या झाडाखालची बी आणून आपल्या उतारावर त्या जुन्या झाडाच्या आसपास लावावी, पराग द्यायला एक झाड तिथे आधीच उभं आहे.