पिशवी घ्यायची की नियोब्लॅडर
दादा, ब्लॅडर (मूत्राशय) काढल्यावर पिशवी घ्यायची की नियोब्लॅडर असं विचारताय ना, घाबरू नका. माझं ब्लॅडर काढून ४ वर्षं झाली, मी इलियल कंड्युट घेतलं, म्हणजे लहान आतड्याचा १५-२० सेंटीमीटरचा तुकडा वापरतात आणि लघवी पोटावरच्या पिशवीत येते. नियोब्लॅडर म्हणजे आतड्याचंच बनवलेलं नवं मूत्राशय, ते आतच असतं, बाहेर काही दिसत नाही, पण सुरुवातीला रात्रीसुद्धा दर २-३ तासांनी अलार्म लावून उठायचं, अंथरूण ओलं होतं ते वेगळंच, आणि काहींना कॅथेटर (लघवी काढायची नळी) स्वतः घालावा लागतो, तो जमेल का बघा. इंडियाना पाऊचमध्ये (पोटाच्या आत आतड्याची पिशवी, ती पोटावरच्या छिद्रातून रिकामी करायची) तर कॅथेटर रोजचाच. मला घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये पिशवीच बरी पडते. आणि हो, ऑपरेशनआधी स्टोमाची (लघवी बाहेर येण्यासाठी पोटावर केलेल्या छिद्राची) खूण बसून, उभं राहून, वाकून बघूनच करून घ्या, माझी नेमकी पँटच्या पट्ट्याखाली आली, अजून बोंबलतोय.